क्रूझवरची बाल्कनी: आरक्षणापासून उतरण्यापर्यंत

बाल्कनीच्या केबिनसाठी बिनखिडकीच्या केबिनपेक्षा बरेच जास्त पैसे मोजलेले असतात, त्यामुळे तिचा पुरेपूर उपयोग करावा असं वाटणं साहजिक आहे. अडचण येते ती सवयीची. आपण तिला घरची गॅलरी समजतो: ओला टॉवेल कठड्यावर, सकाळी उदबत्ती, दोन दारं सोडून राहणाऱ्या वहिनींना हाक, पेल्यात उरलेलं पाणी खाली. बोटीवरची गॅलरी मात्र ताशी ३०-३५ किलोमीटर वेगाने धावत असते. तिच्या वर, खाली आणि दोन्ही बाजूंना हाताच्या अंतरावर दुसऱ्यांच्या गॅलऱ्या असतात. आणि आग लागली तर जिना उतरून रस्त्यावर जाता येत नाही. वारा, शेजारी आणि आग: बाल्कनीचा जवळजवळ प्रत्येक नियम यांच्यापैकी कशामुळे तरी आलेला आहे. कारण कळलं की नियम जाचक वाटत नाही.

खोली निवडताना

आरक्षणाच्या वेळी डेकचा नकाशा मागा, आणि नुसती आपली केबिन पाहू नका. तिच्या वरच्या डेकवर काय आहे, खालच्या डेकवर काय आहे आणि समोर काय टांगलेलं आहे, हे पाहा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर झोप शांत लागते. वर स्विमिंग पूल किंवा बुफे असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या सरकवल्याचा आवाज छतातून येतो. खाली नाटकगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत जमीन धडधडत राहते.

समोर पाहायचं ते जीवरक्षक होड्यांसाठी. या होड्या एका ठरावीक डेकच्या बाहेर टांगलेल्या असतात. त्याच डेकवरच्या खोल्यांना समुद्राऐवजी होडीची केशरी पाठ दिसते, आणि लगेच वरच्या डेकवरून खाली पाहिलं तर होड्यांची छपरं. अशा खोल्या स्वस्त असतात आणि त्यांच्या नावात तसा उल्लेखही असतो, पण घाईत तो नजरेतून सुटतो. फार मोठ्या बोटींवर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ‘ओअॅसिस’ वर्गातल्या बोटींवर काही बाल्कन्या बोटीच्या पोटातल्या बागेकडे तोंड करून असतात, तिथून समुद्र दिसत नाही. सेलिब्रिटी कंपनीच्या ‘एज’ वर्गातल्या बोटींवर बऱ्याच खोल्यांना वेगळी बाल्कनीच नसते. बटण दाबलं की बाहेरच्या मोठ्या काचेचा वरचा अर्धा भाग खाली सरकतो आणि खोलीचंच टोक बाल्कनी होतं. ज्यांना उघड्यावर बसायचं आहे त्यांना हे आवडत नाही, ज्यांना मोठी खोली हवी त्यांना आवडतं.

बोट लागण्याची धास्ती असेल तर मधली आणि खालच्या डेकवरची खोली घ्या. बोट नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, पिछाडीपर्यंत सी-सॉसारखी वरखाली होते. सी-सॉच्या टोकाला बसलेल्याला जसे हेलकावे जास्त, तसेच नाळेजवळच्या आणि पिछाडीच्या खोल्यांना. उंच डेकवर बाजूला झुकणंही जास्त जाणवतं. नाळेजवळ वारा इतका असतो की बोट चालू असताना बाहेर बसणं कठीण. पिछाडीच्या बाल्कन्या मोठ्या असतात आणि बोटीमागे पाण्यात उमटणारा पांढरा पट्टा तिथून सुरेख दिसतो. पण यंत्रांची थरथर तिथेच जास्त असते, आणि चिमणीतली काजळी कधीकधी खुर्च्यांवर येऊन बसते. ही काजळी कोरड्या कपड्याने पुसली तर फासली जाते. ओल्या फडक्याने नुसती टिपून घ्यावी.

‘गॅरंटी’ नावाच्या स्वस्त दरात कंपनी बाल्कनीची हमी देते, पण खोली कुठली ते तीच ठरवते. वर लिहिलेल्यातली एखादी गोष्ट तुम्हाला खरंच खटकणार असेल तर हा दर घेऊ नये.

डावी की उजवी

नाळेकडे तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताची बाजू पोर्ट, उजव्या हाताची स्टारबोर्ड. जिथून निघतो तिथेच परत येणाऱ्या सफरीत बाजूचा फारसा फरक पडत नाही, कारण जाताना जे उजवीकडे ते येताना डावीकडे. एकमार्गी सफरीत फरक मोठा पडतो. व्हँकुव्हरहून उत्तरेला अलास्काकडे जाणाऱ्या बोटीवर किनारा उजवीकडे असतो, तिकडून दक्षिणेला येणाऱ्या बोटीवर डावीकडे. ग्लेशियर बे या अलास्कातल्या खाडीत मात्र काळजी नको. हिमनदीसमोर कप्तान बोट सावकाश जागच्या जागी फिरवतो आणि दोन्ही बाजूंना दृश्य मिळतं.

मुंबईहून गोव्याकडे निघताना उजव्या बाजूच्या बाल्कनीतून गेटवे, ताज आणि पुढे कुलाब्याच्या टोकाबाहेरचं प्राँग्ज दीपगृह दिसतं, आणि सूर्यास्तही त्याच बाजूला होतो. डावीकडे उरणचा किनारा, आणि बंदराबाहेर पडल्यावर खांदेरीच्या दीपगृहाचा झोत. दुसऱ्या दिवशी मुरगावला शिरताना अग्वाद डावीकडे येतो. उजव्या बाजूला दुपारचं ऊन कडक लागतं, हेही धरून चाला. सिंगापूरहून पेनांगकडे जाणाऱ्या बोटीवर मलेशियाचा किनारा उजवीकडे आणि सूर्यास्त डावीकडे. मलाक्काच्या सामुद्रधुनीत रात्री कुठल्याही बाजूला मालवाहू जहाजांच्या दिव्यांची रांग लागलेली दिसते.

मुंबईहून सुटणारी कोर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट १९९० साली बांधलेली आहे. त्या काळी बोटींना सरसकट बाल्कन्या नसत, त्यामुळे तिच्यावर अशा खोल्या थोड्याच आहेत आणि लवकर भरतात.

सामानात काय घालावं

केबिनच्या भिंती बहुतेक बोटींवर पोलादी पत्र्याच्या असतात, म्हणून लोहचुंबकाचे चार-सहा हूक फार कामाला येतात. टोप्या, पिशव्या, ओले पोहण्याचे कपडे त्यांवर खोलीतच अडकवता येतात. सोबत न घसरणारी चप्पल, वारा अडवणारं जाकीट किंवा जाड शाल, चष्म्याची दोरी, मोबाइलला मनगटात अडकवायची दोरी आणि दोन-तीन झिपच्या पिशव्या घ्या. दुर्बीण न्यायची असेल तर ८ पट मोठं दाखवणारी पुरे. १० पटीच्या पुढची दुर्बीण बोटीच्या हालचालीमुळे हातात स्थिर राहत नाही.

इस्त्री, पाण्याचा कॉइल, स्वतःची किटली, छोटा राइस कुकर, मेणबत्ती आणि उदबत्ती घरीच ठेवा. सामानाच्या तपासणीत या वस्तू काढून घेतात आणि उतरताना परत देतात. सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेल्या विजेपासून वाचवणारी सोय) असलेला एक्स्टेन्शन बोर्डही बहुतेक कंपन्या चालवून घेत नाहीत, कारण बोटीची वीजजोडणी घरापेक्षा वेगळ्या पद्धतीची असते आणि असा बोर्ड तिच्यावर तापून पेटू शकतो. यूएसबीचा साधा चार्जर आणि प्लग अॅडॉप्टर चालतो. सकाळच्या चहासाठी खोलीत किटली नसेल तर अटेंडंटकडे मागा. काही बोटींवर देतात, नाही तर गरम पाण्याचा थर्मास तरी मिळतो.

पहिला अर्धा तास

केबिनमध्ये शिरल्यावर बॅगा उघडण्याआधी बाल्कनीची पाहणी करून घ्या, कारण पहिल्या दिवशी सांगितलेली दुरुस्ती लवकर होते.

सगळ्यात आधी खोलीचं बाहेरचं, म्हणजे कॉरिडॉरचं दार नीट लागलंय ना ते पाहा. मगच बाल्कनीचं उघडा. दोन्ही दारं एका वेळी उघडी राहिली की वारा खोलीतून आरपार धावतो. टेबलावरचे कागद उडतात हे किरकोळ. खरा धोका दाराचा. जड दार वाऱ्याच्या जोराने धाडकन आपटतं आणि चौकटीवर ठेवलेली बोटं चिरडतात. बोटींवर ही दुखापत नेहमीची आहे, आणि ती बहुतेकदा लहान मुलांना होते. घरात एकच नियम ठरवा: एक दार उघडं असेल तर दुसऱ्याला हात लावायचा नाही, आणि दार धरायचं ते फक्त हँडलला.

बाल्कनीची दारं दोन प्रकारची असतात. सरकत्या दाराचं हँडल पूर्ण फिरवलं की दार रबरी पट्टीवर घट्ट बसतं. अर्धवट फिरवलं तर ते लागल्यासारखं दिसतं, पण रात्री बारीक फटीतून शिट्टी वाजते. शिट्टी ऐकू आली तर तक्रार करण्याआधी दार उघडून, रुळातला कचरा पाहून, हँडल पुन्हा शेवटपर्यंत फिरवून पाहा. दहातल्या नऊ वेळा तेवढ्याने आवाज थांबतो. बिजागरीचं दार वाऱ्यात उघडताना दोन्ही हातांनी धरावं आणि स्वतः बाहेर पडेपर्यंत सोडू नये. दोन्ही प्रकारांना उंबरठा असतो. तो पाणी आत येऊ नये म्हणून मुद्दाम उंच ठेवलेला असतो आणि पहिल्या दिवशी अंगठ्याला ठेच लागतेच. गुडघे दुखणाऱ्या किंवा व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसासाठी सपाट उंबरठ्याची खोली आरक्षणाच्या वेळीच मागावी लागते.

मग खुर्च्या हलवून पाहा, कठडा हाताने दाबून पाहा, फरशीवर पाणी साचलेलं नाही ना ते पाहा. बाल्कनीच्या कडेला पाणी वाहून जायची फट असते. ती तुंबली असेल तर दर सकाळी डबकं होतं. बाहेरच्या दिव्याचं बटण शोधून ठेवा, ते बहुधा खोलीच्या आत असतं. आणि शेजारची खोलीही तुमच्याच कुटुंबाची असेल तर मधलं पार्टिशन उघडता येतं का, हे अटेंडंटला आत्ताच विचारा. बऱ्याच बोटींवर ते खास किल्लीने उघडतं आणि दोन बाल्कन्यांची एक होते. स्वतः स्क्रू काढण्याच्या फंदात पडू नये. पार्टिशन आग अडवण्यासाठीही असतं.

याच दिवशी मस्टर ड्रिल होते, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची तालीम. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची तालीम झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही तालीम बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. भोंगा वाजला तर बाल्कनीत जाऊन काय झालं ते पाहत बसायचं नाही. सांगितलेल्या मस्टर स्टेशनवर जायचं.

दार उघडं ठेवून झोपावं का?

समुद्राचा आवाज ऐकत झोपावंसं सगळ्यांना वाटतं, आणि उत्तर नाही असं आहे. बऱ्याच बोटींवर दाराला सेन्सर असतो. दार उघडलं की खोलीचा एसी बंद पडतो आणि दार लावल्यावर काही मिनिटांनी पुन्हा सुरू होतो. त्यावर लोहचुंबक लावून सेन्सरला फसवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. कोकण किनाऱ्यावरची किंवा सिंगापूरची दमट हवा थंड खोलीत शिरली की आरशाला, भिंतींना, छताच्या जाळीला घाम सुटतो. जाळीतून पाणी टपकून गादी ओली होते, कपड्यांना कुबट वास येतो. शिवाय त्या एसीच्या नळीवर शेजारच्या खोल्याही असतात. तुमचं दार रात्रभर उघडं राहिलं तर त्यांना गारवा कमी मिळतो.

आवाज हवाच असेल तर झोपण्याआधी अर्धा तास अंगावर शाल घेऊन बाहेर बसा, दार पाठीमागे ओढून घ्या. तेवढ्या वेळात डोळे अंधाराला सरावतात. बाहेरचा दिवा बंद असेल, आकाश निरभ्र असेल आणि बोट किनाऱ्यापासून दूर असेल तर शहरातून कधी न दिसणारे तारे दिसतात. खाली कठड्यापलीकडे पाहिलं तर बोटीच्या अंगाला घासून फुटणाऱ्या पाण्यात कधीकधी निळसर ठिणग्या उमटून विझतात. पाण्यातले सूक्ष्म जीव ढवळल्यावर प्रकाशतात, ते हे. शेजाऱ्याचा एक दिवा लागला की हे सगळं नाहीसं होतं, म्हणून रात्री आपला बाहेरचा दिवा गरजेपुरताच लावावा.

ज्यांची खोली अगदी पुढे, नाळेवर आहे, त्यांना रात्री पडदे बंद ठेवायला सांगतात. ब्रिजवरचे, म्हणजे बोट चालवायच्या खोलीतले, अधिकारी अंधारात समुद्रावर नजर ठेवून असतात, आणि खालच्या खोलीतला उजेड त्यांच्या नजरेत येतो. ही विनंती काटेकोर पाळावी.

कपडे आणि टॉवेल

कठड्यावर काहीही वाळत घालायचं नाही. शांत दिवशीसुद्धा २० नॉट वेगाने चाललेल्या बोटीवर ताशी ३७ किलोमीटरचा वारा नुसत्या वेगामुळेच तयार होतो. चिमट्याने लावलेला टॉवेल मोकळा सुटतो, समुद्रात जातो किंवा दोन डेक खालच्या माणसाच्या अंगावर पडतो. बोटीचा टॉवेल हरवला तर त्याचे पैसे बिलात लागतात. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला ओला कपडाही याच वाटेने जातो.

आणि बाहेर कपडे नीट वाळतही नाहीत. समुद्राच्या हवेत मीठ असतं, मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे कपडा चिकट राहतो. खोलीत, एसीच्या कोरड्या हवेत, तो लवकर वाळतो. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळा, गुंडाळीवर गुडघा टेकून दाबा. निम्मं पाणी टॉवेलमध्ये जातं. मग बाथरूममध्ये शॉवरच्या वर भिंतीत एक लहान डबी असते, तिच्यातून दोरी ओढून समोरच्या हुकाला अडकवायची आणि त्यावर कपडा टाकायचा. सुती साडी किंवा जीन्स यावर वाळणार नाही. ती बोटीच्या लाँड्रीला द्या.

आगीच्या नियमांवर तडजोड नाही

२३ मार्च २००६ रोजी पहाटे तीनच्या सुमारास ‘स्टार प्रिन्सेस’ ही बोट जमैकाकडे चालली होती. दहाव्या डेकवरच्या एका बाल्कनीत आग लागली. ब्रिटिश तपास यंत्रणेच्या अहवालानुसार सर्वांत शक्य कारण होतं टाकून दिलेलं सिगारेटचं थोटूक. सहा मिनिटांत आग वरच्या दोन डेकांवर पोचली, कारण बाल्कन्यांमधली पार्टिशनं, फरशीच्या लाद्या आणि खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या आणि वारा होता. एका प्रवाशाचा मृत्यू झाला. ७९ केबिन पूर्ण निकामी झाल्या, आणखी २१८ केबिनचं आग, धूर आणि पाण्याने नुकसान झालं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले. जुलै २००८ पासून बाल्कनीत सहजासहजी न पेटणारं सामान तरी हवं, नाही तर आग ओळखणारी आणि विझवणारी यंत्रणा तरी.

म्हणून बहुतेक कंपन्यांच्या बोटींवर बाल्कनीत सिगारेट, विडी, ई-सिगारेट सगळंच बंद आहे. दंड कंपनीगणिक बदलतो. २५० ते ५०० डॉलर आकारणाऱ्या कंपन्या आहेत, आणि तो थेट तुमच्या खात्यात लागतो. ओढायचीच असेल तर ठरवून दिलेल्या जागी. जिथे मुभा आहे तिथेही थोटूक कधीच समुद्राच्या दिशेने फेकू नये, कारण ते समुद्रात जात नाही. वाऱ्याने मागे खालच्या बाल्कनीत वळतं आणि तिथल्या गादीत जाऊन बसतं.

रोजची पूजा चुकवायची नसेल तर बॅटरीवरचा दिवा न्या. उदबत्ती, कापूर, निरांजन खोलीतही नाही आणि बाल्कनीतही नाही. धुराचा सेन्सर वाजला तर अख्ख्या डेकची झोप मोडते आणि अग्निशमन पथक दारात उभं राहतं.

समुद्रात काहीच टाकायचं नाही

निर्माल्य, नारळ, हार, फुलं, तांदूळ, काहीही नाही. समुद्राला नारळ अर्पण करण्याची आपली परंपरा किनाऱ्यावरची आणि होडीची आहे. उंच डेकवरून टाकलेला नारळ खालच्या डेकवर काम करणाऱ्या खलाशाच्या डोक्यात बसू शकतो. हाराचा दोरा, प्लास्टिकची पिशवी, बाटलीचं झाकण हा तर थेट कायद्याचा प्रश्न आहे. बोटींवरून कुठलंही प्लास्टिक समुद्रात टाकायला मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारान्वये पूर्ण बंदी आहे, आणि त्यासाठी कंपन्यांनी मोठाले दंड भरलेले आहेत. लक्षद्वीपसारख्या प्रवाळाच्या पाण्यात तर अधिकच जपावं लागतं. निर्माल्य कागदी पिशवीत ठेवून घरी न्यावं.

चूळ भरणं, हात झटकणं, पेल्यातलं उरलेलं ओतणं आणि थुंकणं याच यादीत येतं. तुमच्या खाली पाच-सहा बाल्कन्या आहेत आणि तिथे कुणीतरी नाश्ता करत बसलेलं असतं.

शेजारी

बाल्कन्यांमधलं पार्टिशन आवाज अडवत नाही. त्याच्या वर-खाली फटी असतात. बसल्या जागी साध्या आवाजात केलेलं बोलणं शेजारी शब्दन्शब्द ऐकू जातं, आणि घरची भांडणं, पैशांचे हिशेब, व्याह्यांबद्दलची मतं सगळं त्यात आलं. शेजारी परदेशी असले तरी गृहीत धरू नका. सिंगापूरच्या आणि अलास्काच्या बोटींवर मराठी समजणारे हमखास असतात.

मोबाइलवरची गाणी, भजनं, क्रिकेट, व्हिडिओ कॉल यासाठी इयरफोन. सकाळी आठच्या आधी आणि रात्री दहानंतर बाल्कनीत कुजबुजीइतकाच आवाज. खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. तिच्या पायांचा खर्र आवाज खालच्या खोलीत छतातून उतरतो. पाच-सहा खोल्या घेऊन गटाने आलेल्यांनी एकमेकांना बाल्कनीतून हाका मारू नयेत. खोलीतल्या फोनवरून दुसऱ्या खोलीला फुकट बोलता येतं, आणि बऱ्याच कंपन्यांच्या अॅपमध्ये बोटीपुरता चॅटही असतो.

पार्टिशनपलीकडे डोकावून पाहणं, हात लांब करून शेजारच्या बाजूने फोटो काढणं हे सरळ असभ्यपणाचं आहे. तसंच आपली बाल्कनीही पूर्ण खासगी नाही हे लक्षात असू द्या. वरच्या डेकवरून, ब्रिजच्या बाहेर आलेल्या टोकावरून, धक्क्यावरून आणि शेजारी लागलेल्या दुसऱ्या बोटीवरून ती दिसते. काचेच्या कठड्यातून तर पायांपर्यंत. बंदरात खलाशी बोटीची बाहेरची बाजू धुतात, रंगवतात, आणि पाळण्यात बसून अगदी कठड्यासमोर येतात. बंदराच्या दिवशी कपडे बदलताना पडदा ओढलेला असावा.

शेजाऱ्याचा त्रास होत असेल तर पार्टिशनवर धपाधप मारू नका, भांडूही नका. गेस्ट सर्व्हिसला फोन करा, खोली क्रमांक सांगा. हे काम त्यांचं आहे आणि ते नाव न सांगता करतात.

मुलं

अमेरिकी बंदरांवर ये-जा करणाऱ्या मोठ्या बोटींना २०१० च्या कायद्याने कठड्याची उंची किमान ४२ इंच, म्हणजे सुमारे १०७ सेंटिमीटर ठेवावी लागते. उभ्या माणसाला ती पुरते. खुर्चीवर उभ्या राहिलेल्या पाच वर्षांच्या मुलाला पुरत नाही. सगळ्या धोक्याचं मूळ खुर्चीत आणि छोट्या टेबलात आहे. ती दोन्ही कायम खोलीच्या भिंतीला लावून ठेवा, कठड्यापासून शक्य तितकी लांब. मूल फारच चळवळं असेल तर अटेंडंटला सांगून खुर्च्या काढून न्यायला लावा.

बाल्कनीत मोठं माणूस आधी जाईल आणि शेवटी आत येईल. दाराला वरच्या बाजूला जास्तीची कडी असते, ती मूल झोपल्यावरही लावलेली हवी, कारण ते पहाटे तुमच्याआधी उठतं. मुलाला कठड्यावर बसवून, उचलून धरून किंवा त्यावर टेकवून फोटो काढायचा नाही. बोट बंदरात उभी असली तरी नाही. आतून हँडल फिरवलं की बाहेरचा माणूस बाल्कनीत अडकतो, हेही मुलांना समजावून सांगा.

कुणी पाण्यात पडलेलं दिसलंच तर मोठ्याने ‘मॅन ओव्हरबोर्ड’ ओरडा, कोणती बाजू ते सांगा, आणि एका माणसाने त्याच्यावरची नजर क्षणभरही न हटवता हाताने सतत दिशा दाखवत राहायचं. लाटांमध्ये डोकं एकदा दिसेनासं झालं की पुन्हा सापडणं फार अवघड असतं. दुसऱ्याने खोलीतल्या फोनवर लिहिलेला आणीबाणीचा क्रमांक फिरवायचा.

बाहेर बसणं सुखाचं व्हावं म्हणून

एका बाजूला वारा असह्य असेल तर बसायची जागा खोलीच्या भिंतीला पाठ लावून घ्या, कठड्याजवळ नको. तिथे निम्मा वारा अडतो. कागदी रुमाल, पेपर कप, टोपी यांच्यावर वजन हवं. काचेचा पेला बाहेर नेण्यापेक्षा झाकणाचा मग बरा. खाऊन झालं की ताट लगेच आत आणा. चिवडा-फरसाणाचे कण पाहून सीगल येतात, आणि मग ते फरशी घाण करतात.

कॅमेरा थंड खोलीतून दमट हवेत नेला की भिंगावर वाफ धरते. पुसत बसू नका, आतलीही ओल फासली जाते. बाहेर नेण्याआधी कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून ती पिशवी वीस-तीस मिनिटं बाल्कनीत ठेवा. वाफ पिशवीच्या बाहेरून धरते, भिंग कोरडं राहतं. काम झाल्यावर भिंग आणि चष्मा गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा, नाही तर मिठाचे कण ओरखडे पाडतात.

पोटात मळमळायला लागलं तर बाल्कनी उपयोगाची आहे. बसून नजर क्षितिजावर ठेवा, मोबाइलकडे पाहू नका. आलेपाक, कोरडी बिस्किटं, थोडं थोडं पाणी. बोट लागण्याची गोळी आधीच डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा. ती मळमळ सुरू होण्याआधी घेतली तरच नीट काम करते.

मोबाइल विमान मोडवर हवा. नाही तर तो बोटीच्या उपग्रहाच्या नेटवर्कला जोडला जातो आणि बिल भरमसाट येतं. किनारा जवळ असताना बाल्कनीत जमिनीवरचं नेटवर्क मिळतं, पण तेव्हाही नेटवर्कचं नाव वाचूनच फोन लावा.

वारा वाढला की कप्तान बाल्कन्या बंद करायला सांगतो. घोषणा झाली की गाद्या, टॉवेल, चपला आत, खुर्च्या आडव्या किंवा आत, दार पूर्ण लावायचं आणि घोषणा मागे घेईपर्यंत उघडायचं नाही. समुद्र खवळलेला असताना फोटोसाठी मिनिटभर उघडलेलं दार पुन्हा लावता येत नाही, असं पुष्कळदा होतं.

उतरण्याआधी

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा कॉरिडॉरमध्ये ठेवायच्या असतात, त्यामुळे त्याआधीच बाल्कनीत एक फेरी मारा. खुर्चीखाली चप्पल, पार्टिशनच्या कोपऱ्यात मुलाचा चेंडू, टेबलाखाली वाऱ्याने ढकललेला मोजा, या तीन जागा पाहा. चुंबकाचे हूक भिंतीच्या रंगाचे असले की हमखास विसरतात, म्हणून मोजून काढा. सकाळी बंदरात शिरताना बाहेर उभं राहायचं असेल तर एक शाल हातबॅगेत वर ठेवा. मुंबईला परतताना सकाळी प्राँग्ज दीपगृह आणि गेटवे यावेळी डाव्या बाजूला येतात. उजव्या बाजूच्या खोलीवाल्यांनी ते पाहायला वरच्या उघड्या डेकवर जावं. धक्क्याला लागल्याची घोषणा झाली की दार ओढून हँडल शेवटपर्यंत फिरवा, बाहेरचा दिवा बंद करा आणि कार्ड घेऊन निघा.